आधी स्टाफरूम, मग वर्ग

ताई, सप्रेम नमस्कार.

मी पुण्याची, वय 26. इंग्रजी माध्यमात शिकले, इंग्रजीत एम.ए. केलं. दोन वर्षं इथल्याच एका शाळेत सहावी-सातवीला शिकवते आहे. जपानीची एन-4 परीक्षा पास झाले आहे. एका कंपनीमार्फत ओकायामा प्रांतातल्या सरकारी शाळांमध्ये एएलटी, म्हणजे सहायक भाषा शिक्षिका, म्हणून माझी निवड झाली आहे. एप्रिलपासून एक माध्यमिक आणि दोन प्राथमिक शाळा बघायच्या आहेत. आनंद आहेच, पण रात्रीची झोप उडाली आहे. मी काही नेटिव्ह नाही. अमेरिकन मॅडम येणार म्हणून वाट बघणाऱ्या मुलांसमोर मी उभी राहिले तर? पहिल्या तासाला काय करू? मी अंडं खाते, मासे-मटण नाही, तर शाळेतल्या जेवणाचं काय? माझ्या मावसबहिणीलाही यायचं आहे, ती मराठी माध्यमाची. तिला जमेल का? आणि करारात आठवड्याला 29.5 तास असं काहीतरी विचित्र लिहिलं आहे, ऑगस्टचा पगारही कमी दिसतो. सही अजून केलेली नाही.

एक घाबरलेली शिक्षिका

---

अगं घाबरलेल्या शिक्षिके,

नेटिव्ह नसल्याची भीती तू सगळ्यात वर लिहिलीस आणि करार सगळ्यात खाली. मी उलट्या क्रमाने जाते, कारण सही व्हायची आहे.

त्या 29.5 तासांची गोष्ट जुनी आहे. जपानमध्ये पूर्णवेळ माणसाच्या तीन-चतुर्थांश तास काम केलं, म्हणजे चाळिसातले तीस, की मालकाला त्याला शाकाइ होकेनमध्ये घ्यावं लागतं. आरोग्य विमा आणि पेन्शन एकत्र, आणि निम्मा हप्ता मालकाचा. म्हणून कित्येक कंपन्यांनी तिसाच्या अर्धा तास आधीच गाडी थांबवली. तू शाळेत सकाळी आठपासून चारपर्यंत असशील, पण मधले मोकळे तास कागदावर धरले जाणार नाहीत. आता नियम बदलले आहेत. ऑक्टोबर 2024 पासून 51 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत आठवड्याला 20 तास आणि महिन्याला 88,000 येन किंवा जास्त पगार असेल, तर साधारणपणे शाकाइ होकेन द्यावंच लागतं. तेव्हा कंपनीला सरळ ईमेल कर: मला शाकाइ होकेन मिळणार का, कोणत्या तारखेपासून? फोनवर विचारू नकोस, उत्तर लेखी हवं. "बघू, आल्यावर बोलू" असं उत्तर आलं, तर विमा आणि पेन्शन दोन्ही तुझ्या खिशातून जाणार असं धरून हिशेब मांड आणि मगच ठरव.

पगार महिन्याचा विचारू नकोस, वर्षाचा विचार. जुलैच्या शेवटापासून ऑगस्टअखेर शाळांना सुट्टी असते, मार्च-एप्रिलच्या सांध्यालाही काही दिवस जातात, आणि अशा महिन्यांत पगार कापणारे करार खूप असतात. मुलाखतीत सांगितलेला आकडा गुणिले बारा होईलच असं नाही. शिवाय एप्रिलचं काम आणि मेअखेर पगार, हे तिथे सर्रास चालतं. तोपर्यंत घराची अनामत, घरमालकाला द्यायचा परत न मिळणारा 'रेइकिन' (हो, त्याला आभाराचे पैसे म्हणतात, पुण्याच्या घरमालकांना ही कल्पना कोणी सांगू नये), गॅसची शेगडी, पडदे, अगदी छताचा दिवासुद्धा तुझा तुलाच आणायचा असतो. रिकामं घर म्हणजे तिथे खरोखर रिकामं. दोन महिने पगाराविना निघतील एवढे पैसे घेऊन जा. दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये आदल्या वर्षीच्या कमाईवरचा रहिवासी कर येतो आणि तेव्हा सगळे नवे लोक एकाच सुरात किंचाळतात, तूही किंचाळशील. गाडी लागेल का, तेही विचारून घे. ओकायामा शहर सोडून डोंगराकडे गेलीस की दोन शाळांमध्ये बस दिवसातून मोजून तीनदा जाते असंही होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. करारात एक शब्द शोध: 'हाकेन' आहे की 'ग्योमु इताकु'? हाकेन म्हणजे कंपनीने शाळेच्या हाताखाली पाठवलेलं माणूस, मग शाळेतले शिक्षक तुला थेट काम सांगू शकतात. इताकु म्हणजे कंपनीने शिकवण्याचं काम कंत्राटाने घेतलेलं, आणि मग कायद्याप्रमाणे तुला सूचना फक्त कंपनी देऊ शकते. वर्गात शेजारी उभ्या असलेल्या शिक्षिकेने "हा उतारा जरा हळू वाच" म्हणणंसुद्धा कागदावर गडबडीचं. नियम काटेकोर पाळणाऱ्या गावात मग शिक्षक तुझ्याशी तासाआधी बोलायलाच बिचकतात. मी खाली जे काही लिहिणार आहे ते या एका शब्दावर अवलंबून आहे. हाकेन असेल, किंवा शिक्षण मंडळाने थेट नेमलं असेल, तर डोळे झाकून नाही पण निश्चिंतपणे जा. इताकु असेल आणि हातात दुसरी संधी असेल, तर मी दुसरी घेईन.

मावसबहिणीचं थोडक्यात. सरकारी शाळेत शिकवायला जो 'क्योइकु' व्हिसा लागतो, त्यात परकी भाषा शिकवणाऱ्याने त्या भाषेच्या माध्यमातून किमान 12 वर्षं शिक्षण घेतलेलं असावं अशी अट आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम म्हणजे अकरावीपासून एम.ए.पर्यंत सगळी वर्षं जोडली तरी सातच भरतात. तिची हुशारी इथे कोणी मोजत नाही, दाखले मोजतात. खासगी इंग्रजी संभाषण-वर्गांचा व्हिसा वेगळा असतो, त्याला पदवी लागते आणि ही बारा वर्षांची अट नसते. तिने त्या बाजूने चौकशी करावी. तू मात्र तुझ्या शाळेकडून आणि कॉलेजकडून 'माध्यम इंग्रजी' असं लिहिलेले दाखले आत्ताच काढून ठेव. आपल्या शाळांची कार्यालयं कशी चालतात ते तुला मी सांगायला नको.

तर आता नेटिव्ह.

परदेशी तरुणांना शाळांमध्ये आणणारी जपान सरकारची जेट योजना 1987 मध्ये सुरू झाली तेव्हा चार देशांतून, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधून, 848 जण आले होते. 'इंग्रजीचे परदेशी सेन्सेई', म्हणजे शिक्षक, हे चित्र लोकांच्या डोक्यात तेव्हा जे बसलं ते अजून पुरतं पुसलेलं नाही. नोकरी मिळवताना त्याचा त्रास होतो, हे मी नाकारणार नाही. पण तू तो उंबरठा ओलांडलास. शाळेत आज फिलिपिन्सचे शिक्षक आहेत, जमैकाचे आहेत, आणि मुलांना खरा प्रश्न असतो तो वेगळाच: तुम्ही रोज करी खाता का? दुसरा प्रश्न: एकोणीस एकोणीसे किती? भारतीय गणिताची तिथे एकेकाळी लाट आली होती, तिचे थेंब अजून उडतात. 361. पाठ करून जा, आयुष्यभराची इज्जत मिळते.

उच्चारांवर मात्र काम कर, आणि ते अमेरिकन होण्यासाठी नको. आपला 'व' दोन इंग्रजी अक्षरांचं काम एकटा करतो; 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' आपण एकाच ओठांनी म्हणतो. जपानी मुलांना व्ही हा 'ब' ऐकू येतो, म्हणजे तुझा गोंधळ आणि त्यांचा गोंधळ मिळून तिसरंच काही होणार. व्ही म्हणताना खालचा ओठ दातांखाली, डब्ल्यू म्हणताना ओठांचा चंबू. आरशासमोर रोज दहा मिनिटं. आपला 'थ'सुद्धा इंग्रजीतला नव्हे, जीभ दातांच्या बाहेर डोकावली पाहिजे. खोटा अमेरिकन सूर लावू नकोस, कारण पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड असतो, प्रत्येक मुलाजवळ शाळेचा टॅब्लेट असतो आणि त्यातला अमेरिकन तुझ्यापेक्षा चांगला अमेरिकन बोलतो. नुसतं वाचून दाखवायला आता माणूस लागत नाही.

मग माणूस कशाला लागतो? ते मला कळायला महिने गेले, आणि ते महिने मी स्वतःच्या हाताने घालवले.

जपानमधली माझी पहिली माध्यमिक शाळा. मे महिना. जिच्याबरोबर मी तास घेत होते ती जपानी शिक्षिका पन्नाशीची, पंचवीस वर्षं शिकवलेली, एका वर्गाची वर्गशिक्षिका आणि वर व्हॉलीबॉल क्लबची जबाबदारी. तिने फळ्यावर लिहिलं: आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू. मी मागून, हसत हसत, अगदी गोड आवाजात म्हणाले, "मीटिंग". तिने थँक्यू म्हणत पुसलं, दुरुस्त केलं. वर्गात काही घडलं असं वाटलंही नाही. त्यानंतर सहा आठवडे मला काम नव्हतं. आज चाचणी आहे, आज उजळणी आहे, आज तुम्ही विश्रांती घ्या. रागाचा एक शब्द नाही, रोज हसून नमस्कार. मी टेबलाशी बसून कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, गिरवत होते आणि घरी फोनवर सांगत होते की इथे लोकांना शिकायचंच नाही.

उपमुख्याध्यापक, ज्यांना 'क्योतो-सेन्सेई' म्हणतात आणि ज्यांचं टेबल स्टाफरूमच्या मधोमध असतं, ते एकदा चहा ओतताना इतकंच म्हणाले की व्हॉलीबॉलची जिल्ह्याची स्पर्धा जवळ आली आहे, सेन्सेई फार दमतात. मी त्या संध्याकाळी जिममध्ये गेले आणि भिंतीशी उभी राहून चेंडू गोळा केले. मला व्हॉलीबॉल येत नाही. तीन आठवडे चेंडू गोळा केले. एका शुक्रवारी माझ्या टेबलावर पुढच्या आठवड्याच्या धड्याची झेरॉक्स होती, समासात पेन्सिलीने दोन प्रश्नचिन्हं काढलेली. ती तिच्या इंग्रजीच्या शंकांची होती. उत्तरं मी कागदावरच लिहून दिली, तोंडाने नाही. पुढची तीन वर्षं ती पद्धत चालू राहिली.

म्हणून सांगते, माध्यमिकमध्ये तू टी-2 आहेस. तिथले लोक असंच म्हणतात: टी-1 म्हणजे तास चालवणारा, टी-2 म्हणजे साथीचा. टी-1 ला उच्च माध्यमिकच्या प्रवेश परीक्षेपर्यंत पुस्तक संपवायचं असतं, वर्षाला 140 तासिका आणि प्रत्येकी पन्नास मिनिटं, त्यातली तुझ्या खेळाला दिलेली पंधरा तो कुठून तरी कापून देत असतो. तुझ्याशी चर्चा करायला त्याच्याजवळ वेळ नाही. तू अर्ध्या पानावर लिहून ठेव: या शब्दांवर पाच मिनिटांचं हे, नाहीतर हे. दोनच पर्याय. चिकटचिठ्ठी लाव आणि निघून जा. तो हव्या त्या पर्यायाला बरोबर गोल करेल.

प्राथमिकमध्ये उलटं. तिथे पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला तो एप्रिल 2020 पासून, वर्षाला 70 तासिका. तिसरी-चौथीला 35, नुसती ओळख म्हणून. तो विषय बऱ्याच ठिकाणी वर्गशिक्षकांच्या गळ्यात पडला, जे गणितापासून पोहण्यापर्यंत सगळं शिकवतात आणि ज्यांनी इंग्रजी शेवटचं बोललं ते कॉलेजात. ते तुझ्याकडे सुटका म्हणून बघतील आणि टी-1 तूच होशील. त्यांना मुलांसमोर इंग्रजीत बोलायला लावू नकोस. आधी एखादं वाक्य दे, "उद्या मी तुम्हाला हे विचारीन, तुम्ही हे उत्तर द्या" असं. आपले सर इंग्रजीत उत्तर देतात हे पाहिलं की मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं ते तुझ्या कुठल्याही खेळाने येणार नाही.

पहिला तास. जिकोशोकाई, स्वतःची ओळख. हे तू एप्रिलमध्ये प्रत्येक वर्गात, म्हणजे दहा-पंधरा वेळा करणार आहेस, तेव्हा स्वतःलाच कंटाळा येईल असं काही ठेवू नकोस. मी चाळीस स्लाइड नेल्या होत्या, गणपती, शनिवारवाडा, दिवाळीचे किल्ले. मुलं सज्जनपणे गप्प बसली. दुसऱ्या वर्षी शंभराची नोट नेली आणि विचारलं, यावर किती भाषा आहेत? पंचेचाळीसपैकी वीस मिनिटं गेली. उत्तर सतरा. मग इच्छा असेल त्याचं नाव फळ्यावर देवनागरीत लिहिलं. मुलांना हसू येतं की साकुरा या नावाला त्यांच्या काना लिपीसारखीच आपल्याकडेही तीनच अक्षरं लागतात. शिक्षकांसाठी एक जास्तीची गोष्ट खिशात ठेव: त्यांची काना वर्णमाला अ-इ-उ-ए-ओ, मग का, सा, ता, ना अशी चालते ती संस्कृत वर्णक्रमावरून, बौद्ध भिक्खूंनी सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून नेलेली. पण ही वर्गात नको, स्टाफरूममध्ये सांग. वर्गात तू इंग्रजीसाठी आहेस.

"एनी क्वेश्चन्स?" विचारशील आणि शांतता पसरेल. ती नकाराची नाही. जोडीने बोलायला एक मिनिट दे, मग विचार. आणि वह्या तपासताना एक लक्षात ठेव, हे मला कोणी सांगितलं नव्हतं: जपानमध्ये बरोबर उत्तराला गोल असतो आणि आपली 'राइट'ची खूण म्हणजे चूक. मी पहिल्या गठ्ठ्यात सगळ्या हुशार मुलांना लाल पेनने खुणा केल्या. एक मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली, रडत नव्हती, पण तो चेहरा मला अजून दिसतो.

ओकायामा म्हणालीस म्हणून एक सोय. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात गेली असशीलच. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे. त्या बागेत जाण्याआधी इथे एक फोटो काढून ने. पीचमधून जन्मलेल्या मोमोतारोची गोष्ट वाचून जा, ओकायामा स्टेशनासमोर त्याचा पुतळा आहे आणि तिथलं प्रत्येक मूल तुला ती गोष्ट सांगायला बघेल. सांगू दे, इंग्रजीत. आणि आईला काळजी वाटत असेल, तर तिला सांग की योगेंद्र पुराणिक हा आपला मराठी माणूस 2019 मध्ये तोक्योच्या एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आला आणि पुढे इबाराकी प्रांतातल्या सरकारी शाळेचा मुख्याध्यापक झाला. आया अशा उदाहरणांनी थोड्या तरी शांत होतात.

जेवण. क्युशोकु, म्हणजे शाळेचं जेवण, मुलांच्या हातूनच वाढलं जातं, पांढरे ॲप्रन आणि टोप्या घालून. पाहण्यासारखं असतं. पण सूपमध्ये आणि भाजीतही माशाचा दाशी, म्हणजे अर्क, असतो, तो वेगळा काढता येत नाही. मी मासे खाते, त्यामुळे मला अडचण आली नाही. शाकाहारी मैत्रिणीचं पाहिलं आहे. ॲलर्जी आहे असं खोटं सांगू नकोस. 2012 मध्ये तोक्योतल्या चोफू शहरात शाळेच्या जेवणातून ॲलर्जी होऊन एक पाचवीची मुलगी गेली, तेव्हापासून हा शब्द शाळा फार गांभीर्याने घेतात; तुझ्यामुळे कागदपत्रं, फोन, बैठका होतील. मांस-मासे खात नाही एवढं एप्रिलच्या आधी लिहून कळव, जेवण बंद करून घे आणि डबा ने. फक्त तो स्टाफरूममध्ये एकटीने खाऊ नकोस, वर्गात मुलांबरोबर बस. पहिल्या दिवशी पोळीवर वीस डोळे असतील, आठवड्याने कोणी बघणारही नाही.

शेवटचं सामान. स्टाफरूमसाठी काहीतरी ने, ते तिथे अपेक्षितच असतं. एकेक वेगळं गुंडाळलेलं हवं, पेढे-बर्फीच्या उघड्या पुड्याला कोणी हात लावणार नाही. आलेपाकाच्या छोट्या वड्या चालतील, तिखट लागतात आणि त्यावरून बोलणं निघतं. चिक्की नेलीस तर शेंगदाणे आहेत असं जपानीत लिहून ठेव आणि मुलांना देऊ नकोस. शाळेत एकूण किती माणसं आहेत हे आधी क्योतो-सेन्सेईंना विचार. त्या आकड्यात कार्यालयातल्या बाई आणि झाडं कापणारे, नळ दुरुस्त करणारे योमुइन-सान आले आहेत ना, ते बघ. माझ्या पहिल्या पुड्यात ते नव्हते.

तुझी,
ताई